योलांदच्या वाटणीची बाई

सोमवार, ७ नोव्हेंबर १९८३

नाही म्हणजे नाही! त्या बाईच्या दारात मी पाय ठेवणार नाही. औरेलसारखा नवरा आधी तिचा, मग माझा, असा वाटून घेतला तेवढं पुरे झालं.

लेउबा आला होता सकाळी. घड्याळ मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून हा माणूस दार वाजवत नाही, भाषणाला उभं राहिल्यासारखा खाकरतो. “सिडोनीबाई, मंडळाचं पन्नासावं वर्ष आहे. प्रदर्शनाच्या मधल्या कपाटात चिनी जोडीच हवी. एकटं घड्याळ ठेवायचं म्हणजे एका पायात बूट घालून लग्नाला जायचं!” मी म्हटलं, दुसरा बूट माझ्या सवतीकडे आहे. तुम्ही जा, तुम्ही आणा. चेहराच पडला त्याचा. योलांदला आमचं सगळं फ्लरिए गाव घाबरतं.

खरं सांगायचं तर जोडी एकत्र बघायला माझाही जीव तळमळतोय. आमच्या खोऱ्यातून पूर्वी चीनला घड्याळं जायची ती अशी दोन-दोननं. तिकडे म्हणे भेट एकटी देत नाहीत. सोन्याची डबी, कडेनं मोत्यांची रांग, पाठीवर मीनाकामात एक बाई — हातात कबुतर. माझी बाई उजवीकडे बघते, योलांदची डावीकडे. शेजारी ठेवल्या की एकमेकींकडे बघतात. आणि औरेलनं काय केलं? मरताना एक मला दिलं, एक तिला! गेला, पण खोडी गेली नाही.

वर इस्पितळात माझा हात धरून म्हणतो कसा, “चांगलं योलांदला ठेवलंय, सिडोनी. रागावू नकोस हं.”

तीन वर्षं झाली. रागावलेलीच आहे.

बुधवार, ९ नोव्हेंबर

खाटकाच्या दुकानात नेमकी तीच पुढे. रांगेत वळून बघितलंन आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात — “काय गं धाकटे, लेउबाला पाठवलंस होय? स्वतःचे पाय झिजले?”

साठी उलटली माझी. हिच्या लेखी मी अजून धाकटीच!

म्हटलं, “घड्याळ ज्याला कळतं त्याच्याकडे असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.”

“मग वर गेलीस की विचार त्याला, तुझ्याकडे का नाही ठेवलं ते.”

खाटीक सॉसेज कापायचा थांबला. मागची पाववाल्याची पोरगी खुदकन हसली. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या! सॉसेज न घेताच घरी आले आणि नुसता कोबी खाल्ला.

ही बाई जन्मभर काय करत आली? घड्याळांच्या तबकड्यांवर आकडे रंगवत आली. आकडे! एक ते बारा! आणि मी मूर्ख, त्या रांगेत तिच्याशी बरोबरीनं बोलत उभी राहिले.

शनिवार, १२ नोव्हेंबर

आलं! आणि कशातून आलं? मोज्यातून! लोकरीचा, टाचेला रफू केलेला मोजा!!

लेउबानं दोन्ही हातांनी आणलं, देवळातलं काही आणावं तसं. “निरोप आहे, सिडोनीबाई. हात लावायचा नाही, पुसायचंसुद्धा नाही म्हणाली. काचेत ठेवा, बघा आणि परत करा.” मी म्हटलं, कपाट मांडायचं काम मंडळानं मला दिलंय की तिला? “तुम्हालाच,” म्हणाला, आणि कॉफीला न थांबता सटकला.

डबीला कांद्याचा वास. मोत्यांच्या मधे काळा मळ. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात ते हेच. चावी मात्र रोज देत असणार, कारण घड्याळ चालू होतं आणि माझ्याहून बरं चालत होतं.

मग दोन्ही शेजारी ठेवली. तीन वर्षांनी. भिंग लावून कितीतरी वेळ बसले.

तिची सरस आहे. लिहायला नको वाटतं, पण आहे ती आहे. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा, आणि तेवढ्यात काय नाही! ओठ मिटलेले, पण आता काहीतरी झोंबणारं बोलेल असं वाटतं. माझी बाई सुंदरच आहे. ही जिवंत आहे. औरेल खोटं बोलला नव्हता. चांगलं तिलाच दिलं त्यानं. मला रागानं रडू आलं, दुःखानं नाही, हे लिहून ठेवते.

रविवार, १३ नोव्हेंबर

आंघोळ घातली तिला. घालणारच होते! ती घाण मधल्या कपाटात ठेवून लोकांनी काय म्हणायचं, सिडोनीनं मांडलंय?

मशीन आधी काढून घंटेसारख्या काचेच्या झाकणाखाली ठेवलं. रिकामी डबी कोमट पाण्यात, पाण्यात अमोनियाचे थेंब. मळ निघाला, मोती उजळले. पण पाठीवरची चरबी निघेना. मग स्पिरिट घेतलं. खरा मीना म्हणजे भट्टीतून निघालेली काच. स्पिरिटनं काचेला काय होतं? दुसरं कुणाचं घड्याळ असतं तर आधी तपासलं असतं, नेहमी तपासते. पण हे तर चांगलं! हे तर योलांदचं! कापूस फिरवला.

कापूस गुलाबी झाला.

कबुतर आहे. झगा आहे. मागचं आकाश आहे. चेहरा नाही. तिथे एक खडबडीत खळगा आहे आणि तळाशी सोनं दिसतंय.

सोमवार, १४ नोव्हेंबर

सकाळी उठले ती हसतच! इतका वेळ लागला माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला!

अगं बाई, तो चेहरा मीन्याचा नव्हताच! मीना उडाला होता आणि त्या जागी कुणीतरी रंग भरून वरून वार्निश मारलं होतं. असल्या डागडुजीच्या मालाला आमच्या मंडळात कुणी हुंगतसुद्धा नाही. म्हणजे औरेलनं “चांगलं” म्हणून तिच्या गळ्यात काय बांधलं? फुटकं! आणि अस्सल कुणाला दिलं? मला! मला, मला, मला!

लबाडा! तीन वर्षं मला जाळलंस. तोंडानं तिला मोठेपणा दिलास आणि हातानं मला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण आज खरंच त्याच्या फोटोसमोर पेला ठेवला — आपली खोऱ्यातली दारू, चोरून गाळलेली, बंदी असलेली. त्याच्या वाटचा मीच प्यायले.

मग माझं कपाट उघडलं. लग्नाच्या दर वाढदिवसाला त्यानं मला एक घड्याळ दिलं, एकदाही चुकला नाही. चांदीचं, सोन्याचं, पण पाठीवर मीनाकामातली बाई असायचीच. मेंढ्या राखणारी, झोपाळ्यावरची, वीणा वाजवणारी. एकेकीला कोरड्या कातड्यानं पुसलं. सगळ्याजणींना सांगितलं — आपण जिंकलो गं!

मंगळवार, १५ नोव्हेंबर

लेउबाला सांगून टाकलं. मधल्या कपाटात माझं एकटंच राहील, खाली चिठ्ठी: भट्टीतला अस्सल मीना. तो डोकं धरून बसला. “तिला कोण सांगणार?” मी! मी सांगणार! हे सुख मी दुसऱ्याला का देऊ?

फोन केला. आवाज जड केला. “योलांदबाई, वाईट बातमी आहे. तुमच्या घड्याळाचा चेहरा गेला. अहो, रंगाचा होता तो. तुम्हाला कधी कुणी सांगितलं नाही का?”

हसली. मोठ्यांदा हसली मेली! “गुरुवारी येते,” म्हणाली आणि ठेवून दिला.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

आली. बुटांचा बर्फ न झटकता थेट आत आली. तीस वर्षांत पहिल्यांदा या घरात पाऊल टाकलंन, आणि भिंतींकडे असं बघत होती की जणू भाडं वसूल करायला आलीये. मी कॉफी टाकली नव्हती. टाकणारही नव्हते.

“कुठंय?”

हातात दिलं. कोटाच्या खिशातून स्वतःचं भिंग काढलंन. डोळ्याला असं बसवलंन की हात लावावा लागला नाही.

“स्पिरिट?”

“हो.”

“मूर्ख आहेस.” नुसतं सांगितलंन, चिडून नाही. “या भुवयांना मी मांजराच्या मिशीचा केस वापरला होता. मांजर मेलं, पण तसा केस पुन्हा मिळाला नाही.”

“तू?”

“मी नाही तर कोण, तुझा नवरा? त्याला कुंपण रंगवता यायचं नाही! घड्याळ हाती आलं तेव्हा हिला तोंडच नव्हतं. परत भट्टीत घालायची तर उरलेलं पण गेलं असतं. मग तो म्हणाला, योलांद, तूच बघ काहीतरी. बघितलं.”

मी हा वार राखूनच ठेवला होता. केला! “म्हणजे नकली माल तुझ्या गळ्यात मारला त्यानं. अस्सल मला दिलं.”

“गळ्यात मारला? मी मागून घेतलं, धाकटे. मेला तर मेला, माझ्या हातचं एक तरी माझ्याकडे राहू दे म्हटलं. चांगलं दे म्हटलं. चांगलं म्हणजे माझं सगळ्यात चांगलं.”

ती घड्याळ परत मोज्यात घालत होती. माझ्या कपाटाच्या काचेशी थांबली, आत वाकून बघितलंन. लांबूनच. भिंगसुद्धा लावलं नाही.

“यांना कधी आंघोळ घातलीस?”

“त्या नाजूक आहेत. औरेल सांगायचा, कोरड्या कातड्यानंच पुसायच्या.”

“सांगणारच.” दारात वळली. “शिवायची सुई तापव आणि चेहऱ्याला टोचून बघ. काच असेल तर घसरेल. वार्निश असेल तर शिरेल. एवढं तर तुम्हा मंडळवाल्यांना शिकवत असतील.”

तुरुतुरु उतार उतरून गेली. सत्तरीला आली, बर्फावर घसरतसुद्धा नाही.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

नवऱ्यानं दिलेल्या वस्तूला सुई लावायची नसते. विषय संपला.

शनिवार, १९ नोव्हेंबर

लेउबा चिठ्ठी छापून घेऊन आला. अस्सल मीना, मोठ्या अक्षरात. ते घड्याळ आणि बाजूच्या कपाटांसाठी माझी बाकीचीही सोमवारी दुपारी नेणार. मी म्हटलं छान झालीये. त्याला सगळा गोड पाव कापून दिला. बडबडत होता, मी ऐकत नव्हते.

हे सगळं तिनं मला छळायला केलंय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शंकेची एक काडी लावून दिलीन आणि आता घरी बसून हात शेकत असणार. पण मला शंका नाही. अजिबात नाही. आणि शंका नसेल तर बघायला काय हरकत आहे, असंही मनात येतं. नसेलच तर बघायचं कशाला, असंही येतं.

रविवार, २० नोव्हेंबर

चर्चहून आले, कोट न काढता सुई तापवली.

आधी जोडीतल्या माझ्या बाईला लावली. कपाळाच्या कडेला, केसांखाली, भोक दिसू नये अशा जागी. शिरली. मी दाब दिलाच नव्हता.

मग बसले. मग उठले आणि कपाट उघडलं. पहिल्या वाढदिवसाची मेंढपाळीण. शिरली. झोपाळ्यावरची, शिरली. वीणावाली, शिरली. झगे, झाडं, आकाश सगळं खरं. तिथे सुई घसरते. फक्त चेहऱ्यात शिरते. शेवटी शेवटी मी कपाळाची कड शोधायची थांबले, दिसेल तिथे टोचत गेले.

औरेल! फुटकी घड्याळं कवडीमोलानं आणायचास, तिच्याकडून तोंडं लावून घ्यायचास आणि माझ्या गळ्यात हात घालून म्हणायचास, “बघ, तुझ्यासाठी किती हिंडलो!” आणि मी तुझं कौतुक साऱ्या खोऱ्यात सांगत फिरले. तू आत्ता जिवंत असतास तर ही सुई तुला लावली असती.

उद्या लेउबा येणार. कपाळाला भोकं पडलेल्या बायकांची रांग देऊ त्याला?

सोमवार, २१ नोव्हेंबर

लेउबाला दारातूनच परत पाठवलं. मग योलांदला फोन केला, शिव्या द्यायला. पण आधी एवढंच विचारलं — इतके चेहरे आणलेस कुठून? समोर बसायचं कोण?

“बसणार कोण? आरशात बघायचे,” म्हणाली. “तो तुझ्याकडे गेल्यावरही काम द्यायचा. कुणाच्या कपाटात जातात ते मला ठाऊक होतं, धाकटे. मग तर जास्तच मन लावून काढले.”

भिंग घेऊन कपाटासमोर बसलेय. मेंढपाळीण, ती. झोपाळ्यावर, ती. वीणा वाजवणारी, ती. वय तेवढं सगळ्यांना तिशीचं दिलंन, आणि सगळ्या माझ्याकडे बघून हसतायत.