खुंटीवरचे हातमोजे

ती. आईस,
मनातल्या मनात हात जोडून नमस्कार.

अक्षर माझं नाही म्हणून घाबरू नकोस. मी सांगतोय आणि माझ्या खोलीत राहणारा वायरमन लिहून घेतोय.

धंदा सुरू झाला बरं का. जुन्या गाडीच्या डिकीत बादल्या, पाण्याचे कॅन आणि व्हॅक्युम टाकून लोकांच्या दारात जातो आणि त्यांच्या गाड्या आतून-बाहेरून चकाचक करून देतो. एका डॉक्टरबाईंनी तर स्वतःची गाडी ओळखलीच नाही.

चाकांचा काळेपणा काढायला स्वस्तातलं ॲसिड आणलं होतं. चाकं आरशासारखी निघाली, बोटं थोडी सोलवटली. वायरमन लिहायचा थांबून माझ्याकडे बघतोय. लिही म्हटलं, थोडीच.

त्याच डॉक्टरबाईंनी पट्ट्या बांधल्या आणि वर झापलं, "हातमोजे का नाही घातले?" म्हटलं, जरा जम बसला की घेणारच होतो. पट्ट्या सुटेपर्यंत काम बंद आहे. गिऱ्हाइकं थांबतील, बहुतेक.

तुझा गुडघा कसा आहे? ताई येऊन जाते का?

आणि खरं सांग, लोकांची भांडी घासताना घाल म्हणून आणलेले रबरी हातमोजे अजून खुंटीवरच आहेत ना? "लेकानं आणलेत" म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत असशील. आई, ते आजच काढ आणि घाल. फाटले तर फाटू देत.

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. वायरमन दोन्ही वेळा भरवतो. त्याचे घास तेवढे तुझ्यापेक्षा मोठे असतात.

तुझा,
धाकटा