खोली अ, खोली ब आणि माझी वाणी

५ जानेवारी, सकाळी ६
नवीन वर्षाची सुरुवात. पहिले चार दिवस सर्दी होती, ते धरायचे नाहीत. पीएचडीचं सातवं वर्ष. विषय : बांधकाम मजुरांच्या उत्पादकतेवर प्रेरणेचा परिणाम. गाईड मॅडम म्हणाल्या, ३१ मार्चपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. एवढा वेळ मला जास्तच आहे.

७ जानेवारी
आरमोरीजवळ एका गावात शाळेच्या दोन सारख्या खोल्या बांधताहेत. कंत्राटदार सुनिल माझा जुना विद्यार्थी. मी त्याला नापास केलं होतं, म्हणून आज त्याच्याकडे कार आहे. प्रयोग सोपा. खोली अच्या मजुरांना रोज सकाळी माझं दहा मिनिटांचं भाषण. खोली बच्या मजुरांना काहीच नाही. बिचारे! अचा स्लॅब आधी टाकून झाला की सिद्धांत सिद्ध. निष्कर्षाचं प्रकरण आजच लिहून टाकलं.

१२ जानेवारी
पहिलं भाषण. श्रमाची प्रतिष्ठा, संविधान, पिरॅमिड कुणी बांधले. पाऊण तास झाला. इजिप्त दहा मिनिटांत मावत नाही. लटारूभाऊ मिस्त्री थापी खाली ठेवून ऐकत होते. डोळ्यांत पाणी! नंतर म्हणाले, सिमेंट गेलं. मोठा लाजाळू माणूस.

२० जानेवारी
धान निघालेलं, गावोगाव नाटकांचा सीझन. तरी शेजारच्या गावचे लोक सतरंज्या घेऊन माझ्या भाषणाला! रंभाबाई (विटा वाहते) म्हणाली, "सर, कालचा पिरॅमिडवाला सीन पुन्हा करा ना. वन्स मोर!" मागून शिट्ट्या. केला. जनतेची मागणी होती.

२९ जानेवारी
बच्या भिंती दाराच्या वर गेल्या. अच्या कमरेएवढ्या. कारण उघड आहे : अच्या विटा निकृष्ट. सुनिल म्हणाला, "सर, दोन्हीकडं एकाच भट्टीच्या विटा हायेत." संशोधन हा त्याचा प्रांत नव्हे. तेव्हाही नव्हता.

६ फेब्रुवारी
ठराव : दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. मोबाइलवर अलार्म. वाजला तशी रंभाबाई ओरडली, "बंद करा तो भोंगा! सर, तुमी बोला." मतदान घेतलं. सगळे माझ्या बाजूने. लोकशाहीपुढे मी कोण?

१५ फेब्रुवारी
बचा मजूर जंगू भेटायला आला. "सर, आमी काय पाप केलं? ते लोक तिकडं मस्त बसून राह्यले, आन् आमी इथी गारा-विटा वाहून राह्यलो. आमाले बी भाषणात घ्या ना." किती ही ज्ञानाची भूक! पण शास्त्र निष्ठुर असतं. नकार दिला.

१ मार्च
खोली बचा स्लॅब टाकून झाला. मी हजर नव्हतो, खोली अमध्ये इजिप्त रंगात आलं होतं. लटारूभाऊंना विचारलं, आपला कधी? म्हणाले, "होऊन जाईल, सर. त्यात घाई काऊन? आधी त्या राजाचं पुढं काय झालं ते सांगा."
सांगितलं.

१८ मार्च
मॅडमचा फोन. माझे आकडे पाहून खूश. एवढा स्पष्ट परिणाम त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता म्हणे. फक्त निष्कर्ष उलटा लिहा आणि नाव बदला : 'भाषणामुळे बांधकामाला होणारा विलंब'. आठवड्यात देऊन टाका, पदवी पक्की. मी ठणकावलं, पदवीसाठी मी सत्य विकत नाही! का विकत नाही, हे सविस्तर समजावलं. फोन कट झाला. जंगलात रेंजचा प्रॉब्लेम.
नंतर मीच फोन लावला. उचलला नाही. रेंजच.

३१ मार्च
नोंदणी रद्द. गॅलिलिओलाही त्रास झाला होता.
बमध्ये पोरं सावलीत बसून पाढे म्हणताहेत. अमध्ये ऊन. त्या वर्गाची पोरं अजून झाडाखाली बसतात. मास्तर माझ्याशी बोलत नाहीत. मत्सर.

२ एप्रिल
सुनिल आला. मला वाटलं, भांडेल. उलट हात जोडले. "सर, आता खोली अवर येऊ नका. तुमची गरज मूल गावामंधी हाये. तिथी एका कंत्राटदाराची मोठी साइट चालू हाये. तोच दरवेळी टेंडरले माझ्या आडवा येते. त्याच्या मजुरांले रोज भाषण द्या. जाणं-येणं, जेवण, सारं माझ्याकडं. अन् दहा मिनिटांत आटपू नका, सर. चांगले दोन-तीन तास बोला."
यात तुझा काय फायदा, विचारलं. म्हणाला, "फायदा कायचा, सर? समाजकार्य!"
लगेच हो म्हटलं. याला मी नापास केलं होतं!
उद्या पहाटेची बस. इजिप्त वाढवलंय.