चार बल्बांचा सप्लाय

शुक्रवार, संध्याकाळ

आज वैशूने आपल्या स्पार्क मशीनला नवा ट्रान्झिस्टरचा पॉवर सप्लाय जोडला. पांढरकवड्याच्या एका ट्रकच्या इंजिन हेडमध्ये आटे पाडायचा टॅप तुटून बसला होता. तो ठिणग्यांनी झिजवून अर्ध्या वेळात काढला, भोकाची कडही साफ. पोरगी हुशार आहे, कबूल. तरी मला चैन पडेना.

माझा जुना सप्लाय म्हणजे फळीवर चार बल्ब आणि भंगारातले कंडेन्सर. करंट अडवायला चांगला रेझिस्टन्स घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून बल्ब. पण काय तडतडायचा! आवाज जरा बसला की पाठमोरा असूनही कळायचं, ठिणगी पाडणारी तांब्याची कांडी खालच्या जॉबला टेकली. वळून बघावं तर चारही बल्ब भकाभक पेटलेले. नवा नुसता गुणगुणतो. हे शेड त्या बल्बांवर उभं राहिलं, आता नव्यावर चालेल...

"बाबा, जुना काढू का? जागा अडवून राह्यला."

"राहू दे. तुझा बंद पडला तर?"

खरं कारण ते नव्हतंच.

वैशूची आई शोभा चहा घेऊन आली होती. जॉब रॉकेलात बुडवून ठिणग्या पाडायच्या, तेव्हा ते पेटू नये म्हणून इतकी वर्षं मशीनपाशी बसून नजर ठेवायची ती हीच. म्हणाली, "काढ वं वैशू. त्या तडतडीनं माहं डोकं ठणकत राहे."

मी बघतच राहिलो. "मंग कधी बोलली काहून नाही?"

"तुमी किती खुशीत ऐकत राहत. कायले बोलू?"

मला हे कधी दिसलं कसं नाही?

वैशूच्या हातातली पक्कड घेतली आणि जुन्या सप्लायच्या वायरी मीच कापल्या.