शुक्रवारचा खून

दौंड,
ता. ७ जानेवारी १९७८

चि. सौ. साळूस,
दादाचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम वि. वि.

इकडे आम्ही दोघं खुशाल. एक तारखेला कोरेगावला स्तंभापाशी भेट झाली खरी, पण त्या गर्दीत धड बोलणं झालं नाही. तुझा हात गळ्यात बांधलेला बघून तुझी वहिनी घरी येईपर्यंत तेच धरून बसली होती. मी म्हटलं, साळू स्वतः सांगतेय ना, बैलानं कासऱ्याला हिसका दिला म्हणून. लहानपणी तू शेळीला भ्यायचीस, तुला बैल धरायला कुणी सांगितलं? ते काम दाजींचं.

आता खरी बातमी. आमच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये टेलिव्हिजन आला! शेडमधल्या पोरांनी पाण्याचे पाइप जोडून अँटेनाचा खांब उभा केलाय. वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या, मग एकानं बाहेर जाऊन खांब फिरवायचा आणि आतल्यांनी बोंबलायचं की आलं, गेलं, परत आलं. काल शुक्रवारी त्यावर एक मालिका सुरू झाली. नाव काहीतरी भारदस्त आहे, पण अख्खी कॉलनी तिला शुक्रवारचा खून म्हणते.

पुण्यातला एक पेढीवाला स्वतःच्या घरात मरून पडलेला सापडतो. खलबत्त्यातल्या बत्त्यानं डोकं पार फोडलेलं. रक्त पडद्यावर काळंच दिसतं, तरी बायकांनी पदर तोंडाला लावले. इन्स्पेक्टर आत जातो तर त्याची बायको नलिनी स्वयंपाकघरात तांदूळ धूत बसलेली. तो नुसता तिच्या हातांकडे बघतो, आणि तिथंच संपवलं बघ हरामखोरांनी! आता शुक्रवारपर्यंत जीव टांगणीला. आमच्यातला सर्जेराव पॉइंट्समन म्हणतो, बायकोनंच मारला. मी म्हणतो, धाकटा भाऊ. शेडमध्ये आज इंजिनाला कुणी हात लावला नाही, नुसता खून चाललाय.

पुढचं कळवत जाईन. दाजींना जयभीम. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझा दादा
चांगदेव


कवठे येमाई,
ता. १४ जानेवारी १९७८

ती. दादा व वहिनी यांस,
साळूचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. शेजारच्या भागुबाईला वाचून दाखवलं, तर तिनं वस्तीतल्या सगळ्या बाया गोळा केल्या. विहारापुढच्या कट्ट्यावर बसून मला दोनदा वाचायला लावलं. भागुबाई म्हणती, पेढीवाला मेला ते मेला, पण एवढा चांगला बत्ता पोलिसांनी कुठं नेला ते तुझ्या दादाला विचार. सगळ्या हसून हसून लोळल्या. आता दर आठवड्याला पोष्टमनची वाट बघणार हायेत, तवा तू आळस करू नको.

मला मात्र दोनचार गोष्टी कळाव्यात. नलिनी तांदूळ धूत होती म्हणतोस, तर तिचे हात कापत होते का? आन् शेजारी राहणाऱ्यांना आधी कधी काही आवाज गेला न्हवता का? इन्स्पेक्टरनं त्यांना विचारलं का, का सगळे खून झाल्यावरच गोळा झाले? बाईनं केलं असंल तर बाईला फाशी देत्यात का? तुमच्यात कुणाला कोर्टाची माहिती असली तर विचारून लिही.

हे उसाच्या ट्रकवर हायेत. कारखान्याकडनं आठवड्यातनं एकदा घरी येत्यात. यंदा ऊस लई हाय, हंगाम मे महिन्यापर्यंत लांबणार म्हणत्यात. लांबू दे. हाताची काळजी करू नका, आता कळशी डाव्या कडेवर घेते.

वहिनी, तुमची आठवण येती. दोघांनी जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची
साळू


दौंड,
ता. २८ जानेवारी १९७८

चि. सौ. साळूस,
दादाचे आशीर्वाद व जयभीम वि. वि.

अक्षर वाकडं दिसेल, कारण डोक्याला पट्टी आहे आणि डावा डोळा सुजलाय. घाबरू नको. टाके पडलेत, पण मर्दासारखे पडलेत.

काल मालिकेत मागची हकीकत दाखवली. तो पेढीवाला नलिनीला रोज मारायचा. दार लावून घ्यायचा, रेडिओ मोठा करायचा आणि कमरेचा पट्टा काढायचा. काल ते सगळं दाखवलं. ती कोपऱ्यात सरकत जाते, पट्टा वर जातो, खाली येतो. तेवढ्यात सर्जेराव मागून ओरडला की अजून दोन हाण! त्याच्या आसपासचे पाचसहा जण खदखदून हसले. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी खुर्ची उचलली आणि त्याच्या खांद्यात घातली. मग काय विचारतेस! निम्मा हॉल तिकडून, निम्मा इकडून. एकाचा दात माझ्या बुटापाशी पडला. सर्जेरावाचं मी नाक फोडलं, त्यानं माझ्या कपाळावर ड्यूटीचा कंदील फोडला. दोघांनी टेलिव्हिजनला मिठी मारून धरली होती म्हणून तो वाचला. सेक्रेटरीनं आम्हा दोघांना पुढच्या शुक्रवारची बंदी घातलीय. मी खिडकीतून बघणार.

तुझी वहिनी रंगू माझ्याशी बोलत नाही. पण साळू, खरं सांगतो, ती बाई कोपऱ्यात बसलेली बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असल्या नवऱ्याला भर चौकात उभा चिरला पाहिजे. तिला माहेरचं कुणी नाही का, असं सारखं वाटत राहतं.

तुमच्या बायकांना माझी जखम जरा वाढवून सांग. दाजींना जयभीम कळव, आणि दादावर लोभ ठेव.

तुझा
चांगदेव


कवठे येमाई,
ता. ६ फेब्रुवारी १९७८

दादास,
जयभीम.

तुझं पत्र मी बायांना वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर कुणी हसलं न्हाई. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मग भागुबाईच्या तोंडातनं निघून गेलं, की आमच्या वस्तीतबी एक पेढीवाला हाय, फकस्त त्याच्याकडं पेढी न्हाई.

हे बोलणं ह्यांच्या कानावर गेलं. रविवारी आले ते तुझी पत्रं मागतच आले. चुलीत घातली. मग ट्रकचा जुना पट्टा काढला. त्यांनी रेडिओ लावला न्हाई, कारण आमच्याकडं रेडिओ न्हाई. अख्ख्या वस्तीला ऐकू गेलं. मी पण कोपऱ्यात सरकत गेले दादा, पण कोपऱ्यात ज्वारीचं पोतं होतं. पाठीची कातडी लुगड्याला चिकटली ती भागुबाईनं कोमट पाणी घालून सोडवली.

बैलानं हिसका दिला न्हवता. तुला ते ठाऊक होतं. मागच्या पावसाळ्यात मी न सांगता दौंडला आले तवा वहिनीनं माझी पाठ बघितली आन् तुला सांगितलं. तू म्हणालास, ड्रायव्हर माणूस रागीट असायचाच, बाईनं जरा सोसावं. दुसऱ्या दिवशी तू मला शिरूरच्या एसटीत बसवलंस, खिडकीतनं केळी दिलीस. आन् जी बाई खेळ संपल्यावर तोंडाचा रंग पुसून आपल्या घरी जाती, तिच्यासाठी तू डोकं फोडून घेतलंस. तिला माहेरचं कुणी न्हाई का, म्हणतोस!

एक सांगते, कुणाला बोलू नको. आमच्याकडं दाराच्या मागं एक पहार असती. हे जेवून झोपले की माझी नजर त्या पहारीवर जाती आन् हलत न्हाई. आज सकाळी मी ती उचलून भागुबाईच्या घरी ठेवून आले. ह्यांची भीती न्हाई वाटली, माझ्याच हाताची वाटली.

आता मालिकेचं लिहू नको.

साळू


शिरूर,
ता. १४ फेब्रुवारी १९७८

ती. सौ. रंगुवहिनीस,
साळूचा सविनय जयभीम वि. वि.

मी शिरूरला ताईबाई मावशीकडं हाय. दादा घरी पोचला असंल, पण त्यानं तुम्हाला सगळं सांगितलं नसंल, म्हणून लिहिते.

शनिवारी दुपारी तो शेडमधली दोन माणसं घेऊन आला. हातात इंजिनाचा मोठा पाना. ट्रक वस्तीच्या तोंडाशीच उभी होती. त्यानं ह्यांना पाय धरून केबिनमधनं खाली ओढलं. पायरीवर तोंड आपटून पुढचे दात गेले. मग पाना गुडघ्यावर घातला. वहिनी, वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. दोघं जण हात धरून होते आन् दादा मारत होता. सारी वस्ती गोळा झाली, पोरं पत्र्यावर चढली. माझ्या पाठीवर पाणी घालताना रडलेली भागुबाई, तीसुद्धा मुठी वळून ओरडत होती की आणखी मारा. कुणाला सोडवायचं न्हवतं, सगळ्यांना बघायचं होतं.

ह्यांचे डोळे पांढरे व्हायला लागले तवा मी मधी गेले आन् पाना धरला. एक फटका माझ्या मनगटावर बसला. दादा मला म्हणाला बाजूला हो. मी म्हणाले, मारून टाकशील तर तू जेलात जाशील, वहिनी उघड्यावर येईल, आन् मी जन्मभर ह्याची विधवा म्हणून ऱ्हाईन. मला ह्याची कुणीच ऱ्हायचं न्हाई. तवा कुठं त्यानं पाना टाकला आन् मातीत बसून पोरासारखा रडला.

तो म्हणत होता दौंडला चल. मी न्हाई म्हणाले. दौंडहून परत धाडणारी एसटी मला एकदा पुरे झाली. मावशी एका दवाखान्यात आया हाय, तिथं मलाही सुया उकळायचं काम मिळालं. वहिनी, तुमच्यावर राग न्हाई. त्याला सांभाळा, आन् मला विसरू नका.

तुमची
साळू


दौंड,
ता. ११ मार्च १९७८

चि. साळूस,
वहिनीचे आशीर्वाद व जयभीम वि. वि.

तुझे दादा कामावर जातात, येतात, जेवतात. बोलत नाहीत. मागच्या शुक्रवारी मालिकेचा शेवट होता. कॉलनीतलं कुत्रंसुद्धा इन्स्टिट्यूटमध्ये होतं, हे मात्र घरी लसूण सोलत बसले.

तू नको म्हणालीस तरी एवढं लिहिते. नलिनीनंच मारला होता. तिला जन्मठेप झाली. न्यायाधीश बोलत होता तेव्हा सर्जेराव परत ओरडला की फाशी द्या रांडेला. तर बायकांच्या रांगेतून त्याची बायको साखरबाई उभी राहिली. सगळ्यांसमोर त्याला म्हणाली, गप बस, घरी दाखवतोस तेवढं पुरे आहे. नवरा उठून तिच्या अंगावर यायला लागला, तर आम्ही दहाबारा जणी उठून मध्ये उभ्या राहिलो. तो बाहेर गेला. पडद्यावर पुढं काय झालं ते आम्ही कुणीच बघितलं नाही. साखरबाई त्या दिवसापासून आमच्याकडे झोपते.

तुझ्या सासरचे चुलते हरिबा आले होते. तुझ्या नवऱ्याचा, सावळारामाचा, पाय प्लॅस्टरमधून निघालाय म्हणे. पुढच्या रविवारी मावशीच्या दारात बैठक बसवून तुला नांदायला न्यायचं म्हणतात. तुझ्या दादांनी त्यांना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तू काय ठरवशील त्यात मी तुझ्या बाजूला आहे. माझं मन तुझ्यापाशीच असतं, हे ध्यानात ठेव.

तुझी
रंगुवहिनी


शिरूर,
ता. २२ मार्च १९७८

ती. सौ. रंगुवहिनीस,
साळूचा सविनय जयभीम वि. वि.

बैठकीचं दादा सांगंल तसं सांगू दे, तरी माझ्याकडनं ऐका.

मावशीच्या दारात सतरंज्या टाकल्या होत्या. हरिबा मधी बसले. नवरा काठी टेकत आला, दातांच्या जागी भगदाड. हरिबा म्हणाले, नवऱ्यानं मारलं, भावानं मारलं, फिटंफाट झाली, आता पोरीनं आपल्या घरी चलावं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग ते दादाकडं वळून म्हणाले, तू भाऊ हायेस, तूच शब्द दे. दादा म्हणाला, मी मागं एकदा तिच्या वतीनं बोललोय, आता मला विचारू नका, ती बसलीय समोर, तिला विचारा.

मी म्हणाले, मी येणार न्हाई.

तर तो हसला, उठला आन् सगळ्यांच्या देखत काठी माझ्या तोंडावर घातली. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. दादा उठला. मला वाटलं आता खून होतो. पण त्यानं माझ्याकडं बघितलं आन् मी मान हलवल्यावर परत कडेच्या खाटेवर बसला. बसला आन् खाटेचा सुंभ मुठीत इतका आवळला की त्याची बोटं फुटली. हे त्यानं तुम्हाला सांगितलं नसंल.

मी रक्त पुसलं न्हाई. उभी ऱ्हायले आन् एकेकाचं नाव घेऊन विचारलं, की बघितलं का तुम्ही? मग हरिबांना पुन्हा विचारलं. म्हातारा म्हणाला, बघितलं पोरी. मी म्हणाले, मग उद्या माझ्यासंगं वकिलाकडं चला आन् तिथं हेच सांगा. तो आला, वहिनी. त्याच्या मागनं आणखी तिघं आले. कोर्टात काडीमोडाचा अर्ज दाखल झाला. वकील म्हणत्यात वेळ लागंल, पण सोडमोड होईल.

भुवईला टाके घालताना डॉक्टरांनी माझा उजवा कानबी बघितला. मागच्या साली एका मुस्काटात त्यात आवाज झाला होता, तवापासनं ऐकू येत न्हवतं, मी कुणाला बोलले न्हवते. म्हणाले, पडदा गेलाय, आता यायचा न्हाई. ह्या कानापायी मी रोज उजव्या कुशीवर झोपायचे, म्हंजी चांगला कान वर ऱ्हावा, ट्रक वस्तीत शिरली की आधी जाग यावी. काल पहिल्यांदा चांगला कान उशीत घालून झोपले. सकाळी मावशीनं चार हाका मारल्या, भांडी आपटली, शेवटी गदागदा हलवलं. अंगावर ऊन आलं होतं आन् मला कायबी ऐकू आलं न्हवतं.

दादाच्या बोटांना हळद लावा. साखरबाईला माझा जयभीम सांगा. तुमची माया अशीच माझ्या वाट्याला येऊ द्या.

तुमची
साळू