माजी सुनेचा सीझन

४ फेब्रुवारी, मंगळवार

बघणार! रोज साडेसात ते साडेआठ, हॉलमध्ये बसून, आवाज मोठा करून बघणार. ज्यांना खपत नाही त्यांनी आतल्या खोलीत जावं.

चिरंजीव जेवता जेवता उठले. 'आई, तुला लाज कशी वाटत नाही? ती सगळ्या जगासमोर नवरा शोधतेय!'

'तूही शोधतोयसच की बायको. आत्याच्या ओळखीने. तिला आत्या नाही, तिने टीव्ही धरला.'

धाडकन दार. आपटू दे. त्याच्या बापाने बसवलंय ते, टिकाऊ आहे.

सूनबाई. माजी सूनबाई म्हणायला हवं, दीड वर्ष झालं कागदांवर सह्या होऊन. पण हात तेच लिहितो. जनावरांची डॉक्टर आहे. आता या जोड्या जुळवायच्या कार्यक्रमात गेलीय. एक बंगला, आठ बायका, आठ पुरुष, पाच आठवडे. दर शुक्रवारी लोकांनी फोनवरून मतं द्यायची, ज्यांना कमी ते सोमवारी घरी. शेवटी उरेल त्या जोडीचं लग्न ठरणार म्हणे.

काल पहिला भाग झाला. बाकीच्या मुली गाडीतून उतरल्या त्या उंच टाचांवर, डुगडुगत. ही सपाट चपलांत. निवेदिकेने विचारलं, 'प्रेमाकडून काय हवंय तुला?' म्हणाली, 'वेळेवर यावं आणि हात धुऊन यावं.'

मी खो खो हसले. एकटीच. निवेदिकासुद्धा हसली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज तिला एकूण चार वाक्यं. त्यातलं एक 'मीठ दे'.

१० फेब्रुवारी, सोमवार

हा सीझन पडेल आहे — हे मीसुद्धा कबूल करते. मागच्या वर्षी निदान एक जण रुसून कुंपणावरून उडी मारून गेला होता. यंदा काही म्हणजे काही नाही! आठ पुरुष आणि आठांत मिळून एक धड माणूस निघत नाही. एक जण शर्ट घालतच नाही. एकाचं प्रत्येक वाक्य 'माझी मॉम म्हणते' असं सुरू होतं. एक डोळे मिटून बोलतो, आणि समोरची उठून गेली तरी त्याला पत्ता नसतो. कोणाचंच कोणावर मन बसेना, म्हणून बनवणारे बिचारे सारखी सनई-व्हायोलिनं वाजवतात. आज कोणीतरी कोणालातरी टॉवेल दिला, तो तीनदा दाखवला. सावकाश.

हिला दाखवतात ते कोपऱ्यात बसलेली, जांभई देताना. मी असते तर मीही दिली असती.

दुकानात आज शाळेतल्या एक बाई आल्या. (चष्मे करते मी, बत्तीस वर्षं झाली.) नंबर तपासत होते, तर त्यांची टकळी सुरू. 'ती जनावरांची डॉक्टर बघितलीत का हो? कसली खडूस! मेली थंड अगदी. नवऱ्याने सोडली त्यात नवल काय!'

मी डाव्या डोळ्याचं भिंग बदललं. 'आता कसं दिसतंय?'

'आता... धूसर.'

'वाटलंच मला,' म्हणाले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मत दिलं. एका फोनवरून एकच घेतात. म्हणून हे आंघोळीला गेल्यावर गुपचूप ह्यांचा फोन उचलला. तर त्यावर आलं — 'आपण आधीच मत दिले आहे.'

कोणाला दिलं ते बघितलं. तिलाच!

फोन होता तसा ठेवून दिला. भाजी मात्र ह्यांना जास्त वाढली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं आल्या. पिशवीतून फोटो काढला. मुलगी ग्रंथपाल आहे, तिशीची, पहिलंच लग्न. 'शांत आहे हो पोर. टीव्हीवाली नाही!' असं म्हणून माझ्याकडे तिरका कटाक्ष. दोन मार्चला, रविवारी घर बघायला येणार.

'आणि पहिलं का मोडलं विचारलं तर सगळ्यांनी एकच सांगायचं,' वन्सं म्हणाल्या. 'पटलं नाही.'

चिरंजीवांनी मान हलवली. ह्यांनी हलवली. मीही हलवली. दीड वर्ष मी हेच सांगत आलेय. गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना. इथेसुद्धा तेच लिहिलंय, मागची वही काढून बघितली. पटलं नाही. दोन शब्द, सुटसुटीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उद्याच्या भागाची झलक दाखवली. तिचा चेहरा जवळून, डोळे भरलेले. 'आईला सगळं माहीत होतं...' आणि कापलं! वर ढोल बडवले.

वन्संचा फोन दोन मिनिटांत. 'घे! आणखी दे मतं! आता तुझ्या नावाने खडे फोडणार ती.'

फोडू दे. बघणारच.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रात्रीच्या जेवणाआधीच लिहून टाकते.

त्या डोळेमिट्याशी बोलत होती ती. त्याने विचारलं, पहिल्या लग्नातलं सगळ्यात जास्त काय मनाला लागलं? तिने हातातला कप खाली ठेवला. त्या एका वेळी संगीतही नव्हतं. मग म्हणाली, 'नवऱ्याचं नाही. आईचं. आईला सगळं माहीत होतं, आणि आई गप्प बसली.'

मला ती 'आई'च म्हणायची. पहिल्या दिवसापासून.

चिरंजीव दारात उभे होते. 'ऐकलंस? तू तिच्यासाठी मतं देतेस, आणि ती बघ काय बोलते! एवढं केलंस तिचं!'

हे म्हणाले, 'बंद कर तो टीव्ही.' मी केला नाही. पुढे जाहिराती होत्या, त्याही बघितल्या.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ठीक आहे. लिहिते. या वहीला घाबरायचं तर मग लिहायचं कशाला?

दोन वर्षं होत आली. सकाळचे दहा असतील. हे वन्संकडे गेले होते. तिला फोन आला की कुठेतरी गाय अडलीय, वासरू आडवं आहे, लगेच या. चिरंजीव म्हणाले, आज माझे साहेब जेवायला येणार आहेत, कुठे जायचं नाही. ती म्हणाली, दोन तासांत येते. आवाज चढले. माझ्या खोलीत सगळं ऐकू येत होतं. मग एकदम शांत झालं.

मी पर्स घेऊन हॉलमध्ये आले. बाल्कनीचं काचेचं दार बंद होतं. कडी आतून लावलेली. ती बाहेर, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये. माझ्याकडे पाठ, फोन कानाला. माझे चिरंजीव, मी नऊ महिने पोटात वाढवलेले, सोफ्यावर पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, 'राहू दे तिला जरा. डोकं थंड होईल.'

कडी माझ्यापासून चार पावलांवर होती.

मी म्हणाले, 'निघते मी, गिऱ्हाईक येईल.' आणि निघाले.

साडेअकरापर्यंत दुकानात चिटपाखरू नव्हतं. मी फ्रेमा पुसत बसले. पुसलेल्याच पुन्हा पुसल्या. दुपारी घरी फोन केला. तो म्हणाला, 'आता आत घेतलीय, जेवतेय.' किती वेळ बाहेर होती, विचारलं नाही. त्या गायीचं काय झालं, तेही नाही. तीन महिन्यांनी ती बॅग भरून गेली, तेव्हा तिला डबा करून दिला आणि स्वतःला चांगली सासू समजले.

पटलं नाही म्हणे!

२३ फेब्रुवारी, रविवार

तिने मला नावं ठेवली ती बरोबर ठेवली. तरी शुक्रवारी मत दिलं ते तिलाच. कोणाच्या बापाला घाबरत नाही मी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गेली. सगळ्यात कमी मतं. निवेदिका लटकं रडून म्हणाली, 'आता कसं वाटतंय?' ती म्हणाली, 'उद्या दवाखाना उघडता येईल, बरं वाटतंय.' स्वतःची बॅग स्वतः उचलली. बिनशर्टवाला मदतीला धावला, पण कॅमेरा दुसरीकडे वळल्यावर थांबला. तेवढं चुकून दिसलं.

दुकानात सगळ्यांचं एकच — बरं झालं, गेली ती. मी आज प्रत्येकाला सांगितलं, 'माझी सून आहे ती.' एका आजोबांनी घाईघाईत जुनाच चष्मा घातला आणि नवा काउंटरवर विसरून गेले.

२ मार्च, रविवार

आज मी काय केलं ते नीट लिहिते, कारण उद्यापासून या घरात त्याच्या चार वेगवेगळ्या कहाण्या होतील.

ग्रंथपाल मुलगी आई-वडिलांबरोबर आली. साधी, चष्मा सहा नंबरचा, नाकावरून घसरत होता. बसवणाऱ्याने नाकावरची पॅडं नीट बसवली नव्हती. चहा झाला. वन्संनी चिरंजीवांचं कौतुक सांगितलं. मुलीचे वडील हळूच म्हणाले, 'पहिल्या वेळी नेमकं काय...?'

'पटलं नाही,' वन्सं, चिरंजीव आणि हे, तिघं एकदमच म्हणाले. पाढे म्हटल्यासारखं. मुलीने माझ्याकडे बघितलं. 'तुम्ही काय सांगाल, काकू?'

मी उठले. 'ये जरा इकडे.' बाल्कनीच्या दारापाशी नेलं. म्हणाले, 'ही कडी आतून लागते. माझ्या मुलाने लावली होती. बायको बाहेर होती. कामाला जायचं म्हणाली म्हणून. मी इथे उभी होते, आणि उघडली नाही. एवढंच सांगायचं होतं. बाकी तुझं तू ठरव.'

मागे कोणाची तरी बशी वाजली. 'वहिनी, वेड लागलंय का तुला!' या वन्सं.

मुलीने कडी हाताने सरकवून बघितली. एकदा लावली, एकदा काढली. मग चिरंजीवांना विचारलं, 'खरं आहे?'

'एवढं काही नव्हतं ते. रागाच्या भरात... पाच मिनिटं...'

'बाबा, निघूया,' ती म्हणाली.

ती मंडळी गेल्यावर चिरंजीव समोर आले. 'तू माझी आई आहेस की तिची?'

'तुझीच. म्हणून तर दोन वर्षं लागली.'

वन्सं म्हणाल्या, या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. बरं, मी म्हणाले. मग कप विसळले. एकही फुटला नाही.

३ मार्च, सोमवार

सकाळी उठले तर हे बाल्कनीपाशी स्टुलावर बसलेले. स्क्रूड्रायव्हर घेऊन कडी काढत होते. मला म्हणाले, 'मला त्या दिवशीच का नाही सांगितलंस?' मी खाली पडलेले स्क्रू उचलून दिले. दाराला चार भोकं राहिलीत.

चिरंजीव मित्राकडे राहायला गेले. पोटचा आहे, तुटतं आत. पण माफी मागायला जाणार नाही. दुसऱ्या कोणाची तरी आधी मागायचीय.

७ मार्च, शुक्रवार

संपला एकदाचा सीझन. डोळेमिट्याने आणि 'मॉम'वाल्याला नको झालेल्या एकीने एकमेकांना अंगठ्या घातल्या. आतषबाजी. दोघांची तोंडं अशी, जसं बस चुकलीय. बातम्यांत म्हणे, इतका रटाळ सीझन झालाच नव्हता. असेल. मी एकही भाग चुकवला नाही.

आणि तिला निरोप पाठवला — दुकानात येशील का? बोलायचंय.

'येते' आलं. पुढे काही नाही.

११ मार्च, मंगळवार

दुपारी आली. दुकानात कोणी नव्हतं. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं, घोकून ठेवलेलं. 'टीव्हीवर बोललीस ते बरोबर बोललीस. मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प बसले. चुकलं माझं.'

ती म्हणाली, 'आई, ते मी माझ्या आईबद्दल बोलले होते. बाल्कनीतून तिलाच फोन लावला होता. ती म्हणाली, थांब जरा, शांत होतील जावई.'

मग तिचा चेहरा बदलला.

'तुम्ही तर दुकानात होतात ना तेव्हा?'

हो म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

'नाही,' म्हणाले. 'घरात होते. काचेच्या अलीकडे.'