कच्ची नीळ

आलमबाग, लखनौ
२ फेब्रुवारी

प्रिय यमुनाताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? कोल्हापुरात थंडी ओसरली असेल. इथे दहा वाजले तरी कोहरा, म्हणजे धुकं, हटत नाही. अमौसीच्या विमानतळावर विमानं खोळंबतात, मग ह्यांची तिथली ड्यूटी लांबते आणि जेवणही खोळंबतं. यश बरा आहे.

काल तू फोनवर म्हणालीस, "आईनं माझ्या दुलईसाठी काढलेली चित्रं धुऊन टाकणाऱ्या त्या धोब्याला आधी हाकलून दे." म्हणून आज लिहायला बसले.

आई कशी काढायची, ते तू पाहिलंच नाहीस. डिसेंबरभर शाल गुंडाळून गच्चीत बसायची. पानं झडलेला शिरीष आणि त्याच्या वाळक्या शेंगा, तुळशीवरच्या जाळ्यात अडकलेलं दव, हिवानं करपलेलं केळीचं पान, सगळं मलमलीवर उतरवायची. कापडावर नक्षी छापणाऱ्या छापेवाल्याकडच्या कच्च्या निळीनं. त्या रेघांवर मी पांढऱ्या दोऱ्यानं चिकनचं भरतकाम करायचं, मग कापड धुतलं की नीळ जाते, टाके राहतात. शेवटचा टाका पडेपर्यंत पाणी लावायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी अजून एकही टाका घातला नव्हता.

आणि रोज एकच पालुपद. "हे यमूला आवडेल." "यमू अशी शेंग कानाशी वाजवायची." अगं, आई इथे राहायला आल्यापासून सहा वर्षांत तू दोनदा आलीस! आईला न्हाऊ कोण घालत होतं? औषधं कोण देत होतं? जळफळाट झाला माझा, सांगूनच टाकते.

धोब्यानं काही केलेलं नाही, ताई. त्यानं ते कापड पाहिलंसुद्धा नाही. आठ जानेवारीला, आई उन्हात डुलक्या घेत होती तेव्हा, मीच ते बादलीत बुडवलं. ह्याच हातांनी. बघता बघता पाणी निळं झालं आणि मला माझीच भीती वाटली. ओढून बाहेर काढलं, पण काय उपयोग? कोरं पांढरं! यश मागेच उभा होता. "मम्मी, नानी का पेड़ कहाँ गया?" तोंडातून निघून गेलं, "धोबी ने धो दिया."

आईलाही तेच सांगितलं. वाटलं, रडेल, नाहीतर माझा खोटेपणा ओळखून दोन लगावेल. ती हसली गं! "जाऊ दे, परत काढते. यमू लांब आहे, तिचं आधी उरकते. मग तुझी दुलई घेते, सावकाश, जीव ओतून."

"माझी?" मी विचारलं.

"मग? थंडीत तुला उघडी ठेवीन होय?"

नऊ दिवसांनी ती गेली. तोवर केळीचं एक पान काढून झालं होतं, तेही अर्धंच. तिच्या दिवसांत तू विचारलंस, तेव्हाही मी धोब्याचंच नाव घेतलं. आईच्या फोटोसमोर! मी अशी असेन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं.

आज सकाळी धोब्याला सगळं सांगून हात जोडले. यशलाही सांगितलं.

आईच्या त्या अर्ध्या पानासकट कापड सोबत पाठवतेय. माझी सुई त्याला लागलेली नाही. तुझ्या हातून टाके वेडेवाकडे पडले तरी पडू देत, पण भर तूच, दुलई शिव आणि अंगावर घे. माफी मागायला तोंड नाही.

मी उघडीच बरी.

आईची धाकटी,
मैत्रेयी