उजव्या बाजूचा आवाज

आई, तुझी कॅसेट मी कॉम्प्युटरवर घेतली, त्या पंधरवड्याबद्दल तुला लिहितोय. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी लिहितोय, कारण समोर बसून सांगायला जे दिवस मिळाले होते ते मी घालवले.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला होतो, तिथे कॉम्प्युटर आला, तेव्हा शिकवायला पाठवलेला माणूस दोन दिवसांत निघून गेला. पुढचं सगळं मी डिक्शनरी शेजारी ठेवून एकट्याने शिकलो. घरचा कॉम्प्युटर सुटे भाग आणून मीच जोडला. दहावी नापास माणसाने ते केलं, याचा मला माज होता, आजही थोडा आहे. तूही आल्यागेल्याला सांगायचीस, "माझ्या पोराला त्या डब्याचा समदा समजतंय."

आणि तू धवलारीण. आपल्या आगरी गावात लग्न ठरलं की हळदीपासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीला धवला, त्या त्या विधीचं गाणं, गायला तूच लागायचीस. तू ओळ उचलायचीस आणि शेजारच्या घरची काकी ती अर्ध्यावर पकडून पुढे न्यायची, तेवढ्यात तू दम घ्यायचीस. पळस्प्यापासून पार करंजापर्यंत तुम्ही दोघी असंच गात हिंडलात, तीसेक वर्षं. मांडव नसताना धवला तोंडातून काढायचा नाही, हा तुझा नेम. म्हणून कॅसेट एकच झाली, ताईच्या लग्नातली. दोन माईकवाला टेपरेकॉर्डर मीच तुमच्यासमोर चटईवर ठेवला होता, डाव्या माईकपुढे तू आणि उजव्यापुढे काकी.

मग काकी गेली आणि त्याच वर्षी तुला लकवा मारला. बोलणं जड झालं, गाणं संपलंच. खाटेवर पडल्या पडल्या तू ओठ हलवायचीस, अर्ध्या ओळीवर अडायचीस आणि पुढची ओळ कुणी देईल म्हणून वाट बघत राहायचीस. एका सकाळी मी कामावर निघालो होतो, तेव्हा म्हणालीस, "बाला, ताईच्या लग्नाची कॅशेट लाव रं. मना आयकायचाय." टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता. पनवेलच्या बाजारात अर्ध्या तासात नवा बसवून मिळाला असता. मी म्हणालो, "थांब, कॉम्प्युटरवर घेतो. मांडवात बसल्यासारखं वाटेल बघ."

कुणाचा तरी टेप मागून आणला, वायर जोडून कॅसेट उतरवली आणि मग खरं काम सुरू झालं, असं मला वाटलं. गाणं तेच, पण वाजवायला कुठला प्लेअर घ्यायचा? कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेला होता, तो मी न ऐकताच बाजूला टाकला. दुसरा त्या काळी घराघरात असलेला, रंगीबेरंगी, गाण्याबरोबर रेषा नाचवणारा. त्यात आवाज खालीवर करायच्या दांड्या होत्या, पण तू वर चढलीस की पत्रा वाजल्यासारखं व्हायचं. तिसरा मला एका मासिकाच्या सीडीवर सापडला. राखाडी, दिसायला कळकट, पण आवाज मध्ये कुणाला हात लावू न देता थेट साउंड कार्डाला देणारा. गाणं एका मापात साठवलेलं असतं आणि कार्ड ते ओढूनताणून दुसऱ्या मापात बसवतं, त्यात वरच्या स्वराची धार जाते, हे मी इंग्रजी मदत-पानं वाचून शोधून काढलं. मग परीक्षा. मी भिंतीकडे तोंड करून बसायचो आणि बायको न सांगता कधी हा प्लेअर लावायची, कधी तो. एकच ओळ, चाळीस वेळा. ती वैतागून म्हणाली, "अहो, ट्रक आहे का हा, पुन्हा पुन्हा काट्यावर घ्यायला? आईंना ऐकवून टाका ना एकदा." पलीकडच्या खोलीतून तू, "झाला काय रं?" आणि मी, "अजून नाही, आई. जरा दम धर."

रोज विचारायचीस. मग एक दिवसाआड विचारू लागलीस. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

प्लेअर तो राखाडीच ठरला, कारण तो स्वतःचं काही मिसळत नव्हता. पण उजव्या बाजूला घरघर होती. त्यातच एक सोय सापडली: डावी बाजू तेवढी घ्यायची आणि तीच दोन्ही स्पीकरना द्यायची. खूण केली. घरघर गेली आणि तू एकटी, स्वच्छ, समोर. मला इतका आनंद झाला की मी पुढे तपासलंच नाही.

रविवारी दुपारी तुला उशांना टेकवून बसवलं, दोन स्पीकर खाटेच्या दोन अंगांना ठेवले. गाणं सुरू होतं. तू डोळे मिटतेस. पहिली अर्धी ओळ तुझी, आणि पुढे नुसती पोकळी, जिच्या तळाशी काहीतरी पुटपुटल्यासारखं. पुन्हा तू, पुन्हा पोकळी. तिसऱ्या ओळीला तू डोळे उघडलेस.

"ती कुठं हाय?"

"कोण?"

"कोन काय? काकी तुजी. दोगी गायलो व्हतो."

माझ्या मनात आलं, पंधरा दिवस राबलो आणि ही चूक काढतेय. म्हणालो, "काकी टेपवर आलीच नाही, आई. माईकपासून लांब बसली असेल."

"लांब कशी? मांडीला मांडी लावून बसायची ती."

"मशीन खोटं बोलत नाही, आई. तुला आता आठवत नाही नीट."

हे वाक्य मी बोललो. तू एकदा या स्पीकरकडे, एकदा त्या स्पीकरकडे बघितलंस. मग म्हणालीस, "मंग मी येकटीच गायले आसन." आणि हाताने खूण केलीस, बंद कर.

सोमवारी संध्याकाळी सहज म्हणून तीच फाइल त्या फुकटच्या प्लेअरवर लावली, तो किती वाईट आहे ते बघायला. त्यात डाव्या बाजूची खूण नव्हती, दोन्ही बाजू वाजल्या. काकी होती. प्रत्येक ओळीचा दुसरा अर्धा भाग घेऊन, तुझ्याइतकीच खणखणीत. दोन धवल्यांच्या मध्ये तुला चिडवतही होती, "अगो, हलू घे, नवरा काय पलून नाय चाललाय!" आणि त्यावर तू तिच्याकडे वळून हसलेली. ते हसणंही उजव्याच बाजूला गेलेलं. मी पटकन बंद केलं. तू दहा पावलांवर जागी होतीस. मी ठरवलं, आधी घरघर साफ करतो, मग रविवारी नीट ऐकवतो, म्हणजे चूक झाली होती हे सांगावं लागणार नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार तू कॅसेटचं नाव काढलं नाहीस. ओठ हलवणंही थांबवलं होतंस. शुक्रवारी सकाळी तू गेलीस.

तेराव्याला ताईने सीडी मागितली. गावात पुष्कळांनी मागितली. मी डाव्या बाजूचीच दिली, कारण तीच साफ होती. आता धवला येणाऱ्या बायका उरल्या नाहीत, म्हणून लग्नात स्पीकरवर तीच वाजवतात. अर्धी ओळ, पोकळी, अर्धी ओळ. मागच्या हळदीला काकीची मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ऐकता ऐकता म्हणाली, "दादा, माझी आयपन गायची ना रं तुज्या आयबरोबर?" मी म्हणालो, "असेल. पण टेपवर नाही आली."

उजवी बाजू माझ्याकडे आहे, आई. तिला देईन म्हणतो आणि देत नाही. आणि एक, जे बायकोलाही सांगितलेलं नाही. ती घरघर फार नव्हती. कानाआड करता आली असती. मला तुझा एकटीचा आवाज हवा होता.